ताकदवान गाडी आणि थंडीतली पहाट : ग्वाल्हेरला हिवाळी टायर घ्यावेत का?

लष्करकर (ग्वाल्हेर)

सर्वांना नमस्कार. गेल्या आठवड्यात पहाटे घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. टायरांविषयी ज्यांना खरोखर कळते त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

माझ्याकडे २०२० सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे. त्या वर्षी भारतात या गाड्या अवघ्या २०० आल्या होत्या आणि त्यातली ही एक मी तीन वर्षांपूर्वी पहिल्या मालकाकडून घेतली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर. टायर २२५/४० आर १८ मापाचे, म्हणजे रुंद आणि बुटक्या बगलेचे, उन्हाळी जातीचे आहेत.

आत्या दिल्लीला विमानतळावर उतरणार होती, म्हणून पहाटे पावणेसहाला निघालो. गाडीच्या पडद्यावर बाहेरचे तापमान ५ अंश दिसत होते. वाड्यासमोरच्या बोळातून गाडी काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवले, तेव्हा पुढचे चाक फरशीवर सरळ फिरण्याऐवजी अडत-अडत, उड्या मारल्यासारखे सरकले आणि त्याचा धक्का स्टेअरिंगमध्ये हाताला जाणवला. उन्हाळ्यात त्याच बोळात असे कधी झालेले नाही.

खरा प्रसंग मुरैनाच्या अलीकडे घडला. धुके दाट होते, रस्ता पावसाने भिजावा तसा ओला होता, मी ६० च्या आसपास होतो आणि अचानक समोर भुशाने भरलेली, मागे एकही दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली. ब्रेक पूर्ण दाबला, पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर सुरू झाली, आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे जातच राहिली आहे असे वाटले. थांबलो तेव्हा बोनेट आणि ट्रॉलीची फळी यांच्यात दोन हातांचे अंतर उरले होते. नंतर सावकाश बाहेर निघून दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दिला, तर पुढची चाके जागीच फिरली आणि चाके घसरत असल्याचे सांगणारा पिवळा दिवा लुकलुकू लागला.

माझे दोन प्रश्न आहेत. हा थंडीमुळे कडक झालेल्या उन्हाळी टायरांचा परिणाम आहे का, आणि तसे असेल तर हिवाळी टायर घ्यावेत का? फेब्रुवारीत सहकुटुंब मनालीला जायचा बेत आहे, त्यामुळे निर्णय लवकर करावा लागेल.

रबरकाका (ग्वाल्हेर)

लष्करकर, तुम्ही आणि घरची मंडळी सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे बानमोरच्या टायर कारखान्यात, रबराचे मिश्रण तयार करणाऱ्या विभागात गेली, त्यामुळे या विषयावर थोडे लांब लिहितो.

रबर लवचिक असते म्हणून टायर रस्ता पकडतो. डांबरात खडीचे बारीक उंचवटे असतात, टायरचा पृष्ठभाग त्यांच्यावर दबतो, त्यांच्या खाचांत शिरतो आणि पुन्हा मूळ आकारात येताना थोडी ऊर्जा गिळतो. पकड मुख्यतः इथून येते. प्रत्येक रबराला एक तापमान असे असते की त्याखाली ते काचेसारखे ताठ होते. नैसर्गिक रबरात हे तापमान उणे ७० अंशांच्या आसपास असते, पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबरात त्याहूनही खाली, आणि उन्हाळी टायरांत ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी जे जास्त स्टायरिन असलेले कृत्रिम रबर वापरतात त्यात बरेच वर. म्हणून कुणी म्हणेल की ग्वाल्हेरच्या ५ अंशांना काय भ्यायचे. पण धावत्या टायरच्या पृष्ठभागाला खडीचे धक्के एका सेकंदात हजारो वेळा बसतात, आणि इतक्या जलद धक्क्यांना रबर असे उत्तर देते की जणू ते प्रत्यक्षापेक्षा बरेच थंड आहे. त्यामुळे उन्हाळी मिश्रणाची लवचिकता शून्याच्या पुष्कळ आधीपासून कमी होऊ लागते. टायरवाले जो ७ अंशांचा आकडा सांगतात तो याच उतारावरची एक सोयीची खूण आहे. ७ च्या वर टायर चांगला आणि ६ ला निकामी, असे काही होत नाही.

हिवाळी टायरात नैसर्गिक रबर आणि सिलिका अधिक घालतात, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पातळ, नागमोडी चिरा पाडलेल्या असतात. गाडी चालताना या चिरा उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात, आणि खाचांत दबलेला बर्फ समोरच्या बर्फाला चिकटतो, जसा हातात दाबलेला गोळा चिकटतो तसा. या टायरांचा जन्मच बर्फाच्या प्रदेशात झाला. फिनलंडच्या नोकिया गावच्या कारखान्याने १९३४ साली पहिला हिवाळी टायर काढला आणि तो ट्रकसाठी होता.

आता ग्वाल्हेरचे पाहा. जानेवारीत पहाटे ५ अंश असले तरी दुपारी २० च्या वर ऊन पडते आणि मे महिन्यात ४५. हिवाळी टायर त्या दुपारीसुद्धा मऊ पडेल, ब्रेक लावल्यावर ठोकळे वाकतील, गाडी लांब थांबेल आणि नक्षी झपाट्याने झिजेल. चांगल्या अवस्थेतला उन्हाळी टायर ५ अंशांच्या ओल्या डांबरावर इतका वाईट वागत नाही. म्हणून मला तुमच्या टायरांच्या अवस्थेची शंका येते. तीन गोष्टी पाहून कळवा : बगलेवरच्या डॉट खुणेच्या शेवटचे चार आकडे, चारही टायरांच्या नक्षीची खोली, आणि सकाळी गाडी हलवण्याआधीची हवा.

बोळातल्या उड्यांची काळजी करू नका. पूर्ण वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या वर्तुळांत फिरू पाहतात, त्यामुळे रुंद टायर थोडा आडवा ओढला जातो. ऊन असताना रबर ते वाकून सहन करते आणि थंडीत ताठ असल्यामुळे ते धरते, सुटते, पुन्हा धरते.

लष्करकर

काका, तुम्ही सांगितले तसे आज सकाळी पाहिले. डॉटचे शेवटचे आकडे ४८१९ आहेत, म्हणजे २०१९ सालच्या ४८ व्या आठवड्यातले टायर. गाडीबरोबर आलेलेच अजून चालू आहेत. खोली मोजायची पट्टी टायरवाल्याकडून आणली. पुढे ३ मिलिमीटरहून थोडी कमी, मागे ५. हवा पुढे २८ निघाली, आणि नोव्हेंबरमध्ये दुपारी मी स्वतः ३३ भरून घेतली होती. पंक्चर नाही. मग पाच पौंड कुठे गेले?

यंत्रवेडा (इंदूर)

पाचपैकी साडेतीन कुठेही गेलेले नाहीत. ते थंडीने दिसेनासे झाले आहेत. टायरमधला दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. दुपारचे २८ अंश म्हणजे ३०१ केल्विन, पहाटेचे ५ म्हणजे २७८. मापकावरच्या ३३ मध्ये वातावरणाचे साडेचौदा मिळवले की साडेसत्तेचाळीस होतात. ते या प्रमाणात उतरवून साडेचौदा पुन्हा वजा केले की साडेएकोणतीसच्या जवळ उत्तर येते. उरलेला दीड पौंड दोन महिन्यांत टायरच्या भिंतीतून हळूहळू झिरपला असणार. हवा नेहमी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. मनालीला तुम्ही शून्याखाली जाल, तेव्हा तिथे ती आणखी उतरेल.

आता तुमच्या ट्रॉलीचे गणित करतो, कारण मला वाटते या धाग्याचा कणा तिथे आहे. ६० चा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. पुढचे अंतर वेगाच्या वर्गाला पकडीच्या गुणांकाच्या दुपटीने आणि गुरुत्वाने भागून येते. गुणांक ०.८ असेल तर १८ मीटर, आणि झिजलेल्या, ताठ टायरांनी ओल्या रस्त्यावर तो ०.५ वर आला असेल तर २८. फरक दहा मीटरांचा, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून जेवढी लांबी होईल साधारण तेवढा. या हिशेबात अश्वशक्ती कुठेच येत नाही. ६८ अश्वशक्तीची छोटी गाडी असती तरी उत्तर हेच आले असते.

ताकदीचा प्रश्न निघताना येतो. ३७० न्यूटन-मीटरला पहिल्या गिअरचा एकूण गुणक साधारण १२ धरून चाकाच्या ०.३२ मीटर त्रिज्येने भागले तर चाकाच्या कडेला १३,८०० न्यूटनांच्या वर जोर मिळतो. माणसांसह दीड टनाची गाडी आणि त्यातले साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर धरले, तर दाबलेल्या बर्फावर ०.२ गुणांकाने रस्ता जेमतेम १,८०० न्यूटन झेलू शकतो. म्हणजे इंजिनाजवळ गरजेच्या सातपट-आठपट जोर आहे, आणि पायाखालच्या पेडलचा अगदी सुरुवातीचा थोडासा पट्टाच उपयोगाचा राहतो. छोट्या गाडीत तोच पट्टा रुंद असतो, म्हणून तीच माणसे तिच्यात बर्फावर जास्त सहज चालवतात.

मेळ्यातली_गाडी (ग्वाल्हेर)

माझे मत थोडे वेगळे आहे. मी मागच्या वर्षी आपल्या व्यापार मेळ्यात करसवलतीत चारही चाकांना ताकद देणारी जर्मन गाडी घेतली. तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच फिरू न देणारी यंत्रणा), स्थिरता नियंत्रण, बर्फाचा वेगळा मोड, सगळे आहे. इतकी यंत्रणा असताना टायरांची एवढी चिंता करायची गरज मला वाटत नाही. मी शिवपुरीच्या रस्त्यावर थंडीत अनेकदा गेलो आहे आणि गाडी रुळावर असल्यासारखी चालते.

इसारकाठ (म्युनिक, मूळची ग्वाल्हेर, जनकगंज)

दादा, तुमच्या गाडीवर तुमचा विश्वास आहे हे समजते, पण हाच विश्वास मला महागात पडणार होता, म्हणून आग्रहाने लिहिते आहे.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही वापरलेली, चारही चाकांना ताकद देणारी तीन लिटर इंजिनाची गाडी घेतली. नोव्हेंबर होता आणि टायर बदलायची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली होती. शनिवारी गार्मिशच्या बाजूला निघालो. म्युनिकमध्ये कोरडे होते, वर चढताना बर्फ सुरू झाला. गाडी उन्हाळी टायरांवर चढ इतक्या निमूटपणे चढली की मला काहीच कळले नाही. उतारावर वळण आले, वेग २५ सुद्धा नसेल, मी ब्रेक दाबला, स्टेअरिंग वळवले, आणि गाडी मान वळवलेल्या चाकांसह सरळच जात राहिली. एबीएस खडखडत होते, स्थिरतेचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे प्रत्येक यंत्रणा आपले काम चोख करत होती, फक्त त्यांच्याजवळ वाटायला पकडच नव्हती. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगाने आम्हाला थांबवले. मागे मुलगा बसला होता. त्यानंतर मी टायरची तारीख कधी पुढे ढकललेली नाही.

चार चाकांना ताकद मिळाली की निघणे सोपे होते. थांबायला मात्र प्रत्येक गाडीला चारच चाके असतात. उलट अशी गाडी निघताना घसरत नाही, म्हणून रस्ता किती निसरडा आहे याची सूचना चालकाला वेळेवर मिळत नाही.

इथला नियम असा की बर्फ, अर्धवट वितळलेला बर्फ किंवा पारदर्शक गोठलेला थर रस्त्यावर असेल तर हिवाळी टायर हवेतच. नाहीतर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. तीन शिखरे आणि मध्ये हिमकण अशी खूण टायरच्या बगलेवर लागते. नुसती एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) ही जुनी खूण १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. शेजारी ऑस्ट्रियात हिवाळी रेडियल टायरची नक्षी ४ मिलिमीटरखाली गेली की तो हिवाळी मानतच नाहीत. आपल्याकडे आणि इथेही कायद्याची सर्वसाधारण मर्यादा १.६ आहे, पण बर्फात ती अपुरी पडते. ताकदवान गाड्यांना इथे पुष्कळजण हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि अरुंद टायर घेतात, कारण अरुंद टायर सैल बर्फ आणि पाणी कापत जातो आणि उंच बगल खड्डे सोसते.

मेळ्यातली_गाडी

ताई, हे वाचून मी माझे वाक्य मागे घेतो. उताराचा विचार मी कधीच केला नव्हता.

डोंगरवाट (ग्वाल्हेर)

मनालीविषयी लिहितो, कारण गेली काही वर्षे मी थंडीत दरवर्षी जातो. ग्वाल्हेरपासून साडेआठशे किलोमीटरच्या आसपास प्रवास आहे. मनाली गावापर्यंत बहुतेक दिवस रस्ता मोकळा असतो. अडचण पुढे, सोलंगपासून अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंत येते. हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. त्यामुळे पूर्वी थंडीत जिथे कुणी जात नसे तिथे, ३,००० मीटरहून अधिक उंचीवर, आता मैदानातल्या गाड्या मैदानातल्या टायरांवर येतात. दुपारी उन्हाने बर्फ वितळून रस्त्यावर पाणी वाहते आणि सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी काचेसारखे गोठते. तो थर डोळ्यांना ओल्या डांबरासारखा दिसतो. सर्वांत फसवा बर्फ शून्याच्या अगदी जवळचा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ ला तोच बर्फ कमी निसरडा असतो.

बर्फ पडला की पोलीस त्या टप्प्यावर फक्त चारही चाकांना ताकद असलेल्या किंवा टायरांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. लष्करकर, तुमच्या १८ इंची बुटक्या टायरांभोवती साखळीला जागा उरते का ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. अनेकदा त्या मापाला मनाई असते, मग टायरवर चढवायचा कापडी मोजा हा पर्याय राहतो आणि तो थोड्या अंतरापुरताच टिकतो. माझा सल्ला स्पष्ट आहे. गाडी मनालीत हॉटेलच्या आवारात उभी करा आणि वर जायला तिथल्या चालकाची गाडी करा.

लष्करकर

डोंगरवाट, हे घरात वाचून दाखवले आणि सर्वांना पटले. आम्ही तसेच करणार.

हिवाळी टायरांची चौकशीही केली होती. ग्वाल्हेरला कुणाकडेच नव्हते; दिल्लीच्या एका दुकानदाराने सांगितले की जून २०२० मध्ये टायरांच्या आयातीला परवान्याची अट लागल्यापासून असे माल क्वचितच येतात. काकांचे ऐकल्यावर तो नाद सोडला आहे. आता चांगले उन्हाळी टायर घ्यायचे ठरले. इथला दुकानदार म्हणतो की गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि मागचे टायर अजून ५ मिलिमीटर आहेत, तेव्हा दोनच नवे घेऊन पुढे टाका. हे बरोबर आहे का?

रबरकाका

नाही. या एका मुद्द्यावर मी तुम्हाला काळजीने अडवतो आहे.

नवे दोन टायर पुढे टाकले तर गाडी निघताना घसरणार नाही, पुढचे टोक छान वळेल, आणि तुम्हाला वाटेल की सगळे ठीक झाले. मग ओल्या वळणावर वेग थोडा जास्त होईल, पुढचे टायर धरतील आणि सहा वर्षांचे मागचे टायर सुटतील. पुढचे टोक सुटले तर गाडी वळणाबाहेर सरळ सरकते, आपण पाय काढतो आणि ती बरेचदा परत धरते. मागचे सुटले की गाडी स्वतःभोवती फिरते आणि ते सावरायला फार थोड्यांना जमते. म्हणून ताकद कोणत्याही चाकांना असो, दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे टाकावेत आणि मागचे चांगले पुढे आणावेत. तुमच्या बाबतीत मागचेही २०१९ चेच आहेत. नक्षी शिल्लक असली तरी मिश्रण वयाने ताठ झाले आहे. २४५ अश्वशक्तीच्या गाडीला चारही बदला. माप तेच ठेवा, आणि टायर किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारी वेगाची खूण पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा खालची घेऊ नका.

यंत्रवेडा

विजेच्या गाड्या असलेल्यांसाठी एक गोष्ट जोडतो. माझ्याकडे आयोनिक ५ आहे. २१७ अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर, आणि ताकद मागच्या चाकांना. हिच्यात पाय उचलला की मोटर जनित्रासारखी चालून मागच्या चाकांनाच ब्रेक लावते. निसरड्या उतारावर नुसता पाय उचलण्यानेही मागची बाजू हलू शकते, म्हणून अशा ठिकाणी हा ऊर्जा परत मिळवणारा ब्रेक सर्वांत कमी पायरीवर ठेवावा.

लष्करकर

दोन आठवड्यांनी परत लिहितो आहे. चारही टायर नवे घातले. डॉटचे आकडे दुकानातच वाचून, सहा महिन्यांच्या आतले घेतले. अलाइनमेंट करून घेतली. पुढची हवा सकाळी सातला, गाडी थंड असताना, ३३ केली.

आज पहाटे पुन्हा दिल्लीला निघालो. तापमान ६ अंश, रस्ता ओला, धुके त्या दिवसापेक्षा विरळ. बोळातली उडी आजही जाणवली, पण पुष्कळ कमी. मुरैनाच्या पुढे चंबळच्या पुलाआधी, मागे-पुढे कुणी नाही हे पाहून, ५० वरून एकदा पूर्ण ब्रेक दाबून पाहिला. एबीएसची थरथर आली आणि ती संपण्याआधी गाडी थांबली होती. शेजारी बसलेल्या आत्याने एवढेच विचारले की समोर काही आले होते का. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला तेव्हा दिवा एकदाच लुकलुकला.

रबरकाका

ऐकून समाधान झाले. फक्त पहिले तीनशे किलोमीटर अशी परीक्षा पुन्हा घेऊ नका. टायर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रावाचा थर नव्या टायरच्या पृष्ठभागावर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. मनालीला पोहोचलात की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी हवा पाहा आणि इथे आकडा लिहा. बाहेरचे तापमानही लिहा, म्हणजे यंत्रवेडा यांच्या गणिताशी ताडून पाहता येईल.